पंचेचाळीसचे सदतीस

कोयनानगरला मामांच्या घरामागे पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी आठ वाजता ते छत्री घेऊन परसात जातात, साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततात, वाकून पाण्याच्या पातळीला डोळा लावतात आणि आत येऊन वहीत आकडा लिहितात. वहीत प्रत्येक दिवसापुढे तीन घरं आखलेली आहेत: शेकडा, दशक, एकक. पाऊस पंचेचाळीस मिलिमीटर पडला तर मामा ०४५ लिहितात. पहिलं घर रिकामं ठेवत नाहीत, कारण रिकाम्या घरात मागाहून कुणीही आकडा घुसवू शकतो. त्यांची सगळी नोकरी कोयना धरणावर उपकरणांच्या नोंदी ठेवण्यात गेली. ही सवय तिथली.

कोयनानगरला जुलैच्या अखेरीस बाहेर पडता येत नाही. कुंभार्ली घाटाच्या बाजूनं ढग येतात ते घरात शिरल्यासारखे वाटतात, भिंतींना ओल येते, वीज जाते-येते. चार दिवस राहायला गेले होते, म्हणून म्हटलं, मामांची जुलैची वही लॅपटॉपवर उतरवून देते. एकतीस आकडे एका साध्या फाइलमध्ये टाइप केले आणि आठवडावार बेरीज करणारी दहा-बारा ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली.

शेल म्हणजे संगणकाशी लिहून बोलायची जागा. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. शेल ती वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि काम करून घेतो. लिनक्सवर सगळ्यांत जास्त भेटतो तो बॅश. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ मध्ये लिहिला. गेली दहा वर्षं पुण्यात माझं पोट त्याच्यावर चालतं. सर्व्हर सांभाळणं आणि लोकांच्या तक्रारी निस्तरणं हे माझं काम.

मामा : किती आली पहिल्या आठवड्याची?

मी : चारशे पाच.

मामा : माझी चारशे पंचेचाळीस आहे.

मी : परत एकदा बघता का? हातचा राहिला असेल.

मामा रागावले नाहीत. पेन्सिल घेऊन मोठ्यानं मोजायला लागले. ०४५, ०६२, १२०, ०३१, १०७, ०५४, ०२६. पंचेचाळीस, एकशे सात, दोनशे सत्तावीस, दोनशे अठ्ठावन्न, तीनशे पासष्ट, चारशे एकोणीस, चारशे पंचेचाळीस.

मी : मग माझ्याकडून टाइप करताना चुकलं असणार.

फाइल आणि वही शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. एकही फरक नव्हता.

मी : ठीक आहे. हीच बेरीज ऑकनं करते. ते दुसरं साधन आहे, दोन मिनिटं लागतील.

ऑकनं सांगितलं, चारशे पंचेचाळीस.

मी : झालं. ऑकचा आकडा धरू. स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ बदलते आणि पुढे जाते.

मामा : पुढे कुठे जातेस? आता तर दोन यंत्रं दोन आकडे सांगायला लागली. एक खोटं बोलतंय. कुठलं, ते कळल्याशिवाय वही मिटायची नाही.

मी : मामा, माझ्या कामात रोज अशा पंचवीस गोष्टी निघतात. प्रत्येकीच्या मुळाशी गेले तर कामच उरकणार नाही. वाट सापडली की पुढे जायचं असतं.

मामा : आणि तीच चूक उद्या दुसऱ्या फाइलमध्ये निघाली, शेजारी पडताळायला माझ्यासारखा म्हातारा पेन्सिल घेऊन बसलेला नसला, तर?

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वीजही गेली होती आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. शोधायला बसले.

पहिला संशय ओळीच्या शेवटावर. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं जास्तीचं अक्षर असतं आणि लिनक्सचा शेल त्याला अडखळतो. अदृश्य अक्षरं दाखवायला सांगून फाइल छापली. स्वच्छ निघाली. मग माझ्या स्वतःच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून कोऱ्या बॅशमध्ये स्क्रिप्ट चालवली. पुन्हा चारशे पाच.

मामा : कुठे काय बिघडलं म्हणून यंत्र स्वतः काही सांगत नाही का?

मी : सांगतं. एरर वेगळ्या वाटेनं येते.

मामा : मग काय म्हणतंय?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एररची वाट मीच बंद केली होती. दुसऱ्याच एका फाइलबद्दल शेल सारखा कुरकुरत होता, पडद्यावर गिचमिड होत होती, म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी मी सगळ्या एररना डेव्ह-नलचा रस्ता दाखवला होता. तिथे गेलेलं परत येत नाही.

मामा : म्हणजे गजराच्या तोंडात बोळा कोंबलास.

मी : सगळेच करतात, मामा.

मामा : धरणाच्या गॅलरीत एखादा मापक नको तेव्हा काटा हलवायचा. मग कुणीतरी म्हणायचं, वायर काढून ठेवा, उगाच त्रास. आम्ही कधी काढली नाही. काटा का हलतो ते बघायचो. कधी ओल असायची, कधी उंदीर. पण बघायचो.

बोळा काढला. लगेच पाच ओळी आल्या, पाच वेगवेगळ्या दिवसांच्या. पहिली होती आठ जुलैची. त्या दिवशी वहीत ०९८ होते. शेलचं म्हणणं मराठी अक्षरांत लिहायचं तर असं: व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस, आणि पुढे ज्या तुकड्याला तो अडला तो तुकडा, ०९८. पाचही दिवसांत एक गोष्ट समान होती. आकड्याची सुरुवात शून्यानं, आणि पुढे कुठेतरी आठ किंवा नऊ. त्या पाच दिवसांचा पाऊस बेरजेत आलाच नव्हता. शेलनं तक्रार केली होती, मी ती ऐकली नव्हती आणि लूप पुढच्या ओळीवर गेलं होतं.

मामा : पण पहिल्या आठवड्यात आठही नाही आणि नऊही नाही. तिथे चाळीस मिलिमीटर कुठे गेले?

हा प्रश्न माझ्याआधी त्यांना पडला. प्रत्येक ओळीनंतर आतापर्यंतची बेरीज छापायला सांगितली. पहिलीच ओळ आली: सदतीस.

मामा : पहिल्या दिवशी पंचेचाळीस होते.

मी : हो. आणि त्यानं सदतीस धरले.

मामा : आता बाकीचं सगळं काढून टाक. वही काढ, लूप काढ, तारीख काढ. एवढं एकच विचार त्याला.

एकतीस ओळींची फाइल बाजूला ठेवली. बारा ओळींची स्क्रिप्ट बाजूला ठेवली. बॅशला एका ओळीत, दुहेरी कंसात ०४५ देऊन म्हटलं, छाप. त्यानं छापलं, ३७.

मामांना हे का सुचलं ते त्यांनी मग सांगितलं. भूकंपमापकाच्या कागदावर रेघ हलली की ती जमीन हलल्यामुळेच हलली असं नसतं. ट्रक जातो, कुठे सुरुंग उडतो, खोलीत कुणी दार आपटतं. म्हणून आधी बाकीच्या शक्यता एकेक करून काढायच्या, आणि मग दुसऱ्या ठिकाणच्या केंद्राचा कागद मागवायचा. दोन्हीकडे त्याच वेळी रेघ हलली असेल तर जमीन. एकाच ठिकाणी हलली असेल तर ते ठिकाण तपासायचं.

मी : दुसरं केंद्र आहे माझ्याकडे. ऑफिसचा मॅक.

मॅकवर २०१९ पासून नेहमीचा शेल म्हणून झी-शेल येतो. त्याला तीच एक ओळ विचारली. त्यानं छापलं, ४५. त्याच मॅकवर बॅशची एक जुनी आवृत्ती पडून असते, ३.२, साल २००६ ची. तिनं छापलं, ३७. माझ्या लॅपटॉपवरची ५.२, साल २०२२ ची. तिचंही ३७.

मी : मिळाला. हा बॅशचा बग आहे. झी-शेलला जमतं ते याला जमत नाही, आणि किमान सोळा वर्षं जमत नाही. आत्ताच्या आत्ता कळवते.

बॅशबरोबर याचसाठी एक छोटी आज्ञा येते, बॅशबग नावाची. ती चालवली की पत्राचा मसुदा समोर उघडतो. त्यात यंत्र कुठलं, प्रणाली कुठली, बॅशची नेमकी आवृत्ती कोणती, हे सगळं तिनं आधीच भरलेलं असतं. खाली तीन जागा आपल्यासाठी मोकळ्या: वर्णन, पुन्हा कसं घडवायचं, आणि सुचत असेल तर दुरुस्ती. मी वर्णनात लिहिलं, ‘बॅशची बेरीज चुकते.’

मामा : हे काय लिहिलंस?

मी : जे झालं ते.

मामा : हे झालेलं नाही. हे तुझं मत झालं. झालं ते असं: मी ०४५ दिले, मला ४५ हवे होते, ३७ मिळाले. बेरजेचा तर यात संबंधच नाही, बेरीज कधीच काढून टाकली आपण.

ते बरोबर बोलत होते आणि ते मला माहीत असायला हवं होतं, कारण अशा पत्रांची दुसरी बाजू मी रोज सोसते. लोक लिहितात, ‘चालत नाही.’ काय चालत नाही? ‘सिस्टीम.’ काय केलं होतं? ‘नेहमीचंच.’ पडद्यावर काय आलं? ‘इंग्रजीत काहीतरी आलं, मी बंद केलं.’ कुणी पडद्याचा फोटो पाठवतं आणि त्यात नेमकी एररची ओळ कापलेली असते. कुणी स्वतःच निदान करून मोकळं होतं, नेटवर्क खराब आहे म्हणून, आणि आम्ही अर्धा दिवस नेटवर्क तपासतो. माझ्या वाट्याला आलेल्या तक्रारींत ज्यांतून काही हाती लागलं, त्या जवळजवळ सगळ्या चार ओळींच्या होत्या आणि त्यांत एरर जशीच्या तशी उतरवलेली होती, एक अक्षरही न बदलता.

मामा : आमच्या नोंदीत घड्याळाची चूकसुद्धा लिहावी लागायची. रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी रोज मिळवायचं, सेकंदाचा कितवा भाग पुढे की मागे. यंत्राचा नंबर, कागद कधी बदलला, कुणी बदलला. त्या वेळी वाटायचं, कशाला एवढं? पण भूकंपाचं ठिकाण ठरतं ते लाटा किती सेकंदांच्या अंतरानं आल्या त्यावरून. घड्याळाची चूक लिहिली नाही तर सगळं गणित हवेत.

मी : तेच काम ही आवृत्तीची ओळ करते.

मामा : मग ती अजिबात खोडू नकोस. आणि अंदाज सांगायचाच असेल तर शेवटी लिही. अंदाज म्हणून लिही.

मसुदा पुन्हा लिहिला. पाठवण्याआधी एक काम उरलं होतं, जे मी दुसऱ्या कुणाला आधी करायला सांगितलं असतं. बॅशचं मॅन्युअल उघडलं. गणिताच्या भागात सरळ लिहिलेलं आहे: शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमानात धरला जातो.

अष्टमान म्हणजे शून्य ते सात एवढेच अंक. सातानंतर दहा. त्यात ४५ म्हणजे चार अठ्ठे बत्तीस आणि पाच, सदतीस. आठ आणि नऊ हे अंकच नाहीत, म्हणून ०९८ ला तो अडला. आठ-नऊ असले की शेल ओरडतो. नसले की काही न बोलता आकडा लहान करतो. चाळीस मिलिमीटर असे गेले होते: आठ, बारा, सहा, दहा, चार.

मी : संपलं. बग नाही. पुस्तकात लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. आकड्याआधी ‘दहा’ आणि हॅशचं चिन्ह लिहिलं की तो दशमानात धरतो. स्क्रिप्ट दुरुस्त. पत्र रद्द.

मामा : पत्र का रद्द?

मी : कारण चूक माझी आहे. ते पत्र वाचायला तिकडे एक माणूस बसलाय. चेट रेमी. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात नोकरी करत नव्वदच्या दशकापासून तो बॅश सांभाळतोय, आपल्या वेळातून. पुस्तकात स्पष्ट असलेली गोष्ट त्याला कळवायची म्हणजे त्याचा वेळ खायचा. नीट कळवणं हे जसं आपलं काम, तसं काय कळवायचं नाही हे ठरवणंही आपलंच.

मामा : असा नियम त्यांनी केला का?

त्याचा इतिहास मला थोडा माहीत होता. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी बी ही भाषा केली तेव्हा अष्टमान रोजच्या वापरात होतं, कारण त्या यंत्रांचे शब्द तीन-तीन बिटांच्या गटांत वाचायला सोपे पडत. शून्य पुढे लावलं की अष्टमान, अशी खूण ठरली. तिथून ती डेनिस रिची यांच्या सी भाषेत आली, सीमधून शेलच्या मानकात आली, आणि बॅश ते मानक पाळतो. फाइल कुणी वाचावी, कुणी लिहावी याचे परवाने आजही ७५५ असे अष्टमानातच देतात.

मामा : तुझ्या आजोबांनी मला आण्यांचा हिशेब शिकवला होता. रुपयाचे सोळा आणे. १९५७ ला नवे पैसे आले, तरी बाजारात कितीतरी वर्षं चार आणे, आठ आणे असंच म्हणायचे लोक. पण त्यात फसगत होत नव्हती, का? आणे म्हटलं की आणे, पैसे म्हटलं की पैसे. कुठल्या मापानं बोलतोय ते शब्दच सांगायचा. इथे माप बदलल्याची खूण काय, तर शून्य. जे शून्य जगातला प्रत्येक कारकून घर भरायला लिहितो.

मी : मान्य. झी-शेलवाल्यांचंही हेच म्हणणं आहे. त्यांच्या पुस्तकात लिहिलंय की मानक असं सांगतं, पण आम्ही ते आपसूक चालू ठेवत नाही, कारण तारखा आणि वेळा वाचताना घोळ होतो. पायथननं तर तिसऱ्या आवृत्तीत अशी लेखनपद्धत बंदच केली. आता शून्य लावून पंचेचाळीस लिहिलं तर तो थेट नाकारतो.

मामा : मग तिघांपैकी दोघांना कळलं. कुणीतरी कळवल्याशिवाय कळलं का?

मी : पण बॅशला ते बदलता येणार नाही. तीस-पस्तीस वर्षांत लोकांनी किती स्क्रिप्ट लिहिल्या असतील, त्यातल्या काही या नियमावर उभ्या असतील. आज बदलला तर त्या पडतील. आणि पडतील त्या कुठल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्यासारखीला पंचेचाळीस हवे म्हणून दुसऱ्या कुणाचा सर्व्हर बंद पडावा का? मामा, मी त्या बाजूला बसते. बदल सोपा दिसतो तेव्हाच मला भीती वाटते.

माझं हे म्हणणं मला आजही पटतं. मामा काही वेळ बोलले नाहीत. बाहेर पागोळ्यांचा आवाज चालू होता. मग त्यांनी जे सांगितलं, ते कोयनानगरच्या प्रत्येक घरात कधी ना कधी सांगितलं जातं, पण या कारणासाठी मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

मामा : सदुसष्ट साली मी आठ वर्षांचा होतो. अकरा डिसेंबर, भूकंपाची पहाट, सव्वाचार वाजून गेलेले. आईनं हाताला धरून ओढलं एवढंच आठवतं. त्याआधी काय होतं माहिताय? पुस्तक होतं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर कातळ, इथे मोठा भूकंप होत नाही, असं ते पुस्तक. नकाशासुद्धा तसाच. धरणात पाणी साठायला लागलं बासष्टच्या सुमारास आणि लोक सांगायला लागले, जमीन गुरगुरते, भांडी वाजतात. पुस्तकात नाही म्हणून ते सोडून दिलं असतं तर? नाही सोडलं. यंत्रं बसवली. नोंदी सुरू झाल्या. त्या नोंदी होत्या, धरणात बसवलेल्या मापकानं त्या पहाटेचा हादरा कागदावर उतरवला, म्हणून पुढे जगभरचे लोक कोयनेवर अभ्यास करू शकले.

मी : पण नोंदींनी भूकंप थांबला नाही.

मामा : नाही थांबला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. इथली बहुतेक घरं बसली. नोंदीनं भूकंप थांबतो असं मी म्हणतच नाही. नोंदीनं पुस्तक बदलतं. सत्तर साली भूकंपाच्या धोक्याचा नकाशा बदलला. कोयना जवळजवळ निर्धोक भागातून चौथ्या पट्ट्यात आली. घर कसं बांधायचं, धरणाला टेकू कुठे द्यायचा, ते बदललं. ज्यांनी भांडी वाजल्याचं सांगितलं, त्यांना काय माहीत होतं? त्यांनी एवढंच सांगितलं की भांडी वाजली. ती कशानं वाजली हे ठरवायला वेगळी माणसं होती. तू दोन्ही कामं एकटीच करायला बघतेस. तूच बघणार, तूच ठरवणार की हे सांगण्यासारखं नाही.

१९६७ पासून कोयनेच्या पट्ट्यात पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत, लहान धक्के तर चालूच असतात. कराडजवळ हजारमाचीला खास या अभ्यासासाठी प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला जमिनीत तीन किलोमीटर खोल विवर खणून खालच्या कातळापर्यंत माणूस पोचला आहे. एखादी गोष्ट इतकी वर्षं लिहीत राहिलं की तिथे जाऊन बघावंसं वाटणारी माणसं तयार होतात.

मला माझ्या धंद्यातली तारीख आठवली. १२ सप्टेंबर २०१४. स्टेफान शाझेला नावाच्या माणसाला बॅशमध्ये एक दोष दिसला. बॅशला एका प्रक्रियेतून दुसरीकडे फंक्शन पाठवता येतं, नुसत्या मजकुराच्या रूपात. पण तो मजकूर वाचताना बॅश फंक्शन संपल्यावर थांबत नव्हता, पुढे जे काही चिकटवलेलं असेल तेही आज्ञा समजून चालवत होता. वेबसर्व्हर बाहेरून आलेला मजकूर याच वाटेनं आत देत असत. म्हणजे जगात कुणीही, कुठूनही, दुसऱ्याच्या सर्व्हरवर स्वतःची आज्ञा चालवू शकत होतं. दोष १९८९ पासूनचा होता. पंचवीस वर्षं तो लाखो यंत्रांवर बसून राहिला.

मामा : त्यानं काय केलं?

मी : गुपचूप रेमींना कळवलं. नेमकं काय, कसं घडवायचं, ते. दुरुस्ती तयार झाल्यावर २४ तारखेला जाहीर झालं. लोकांनी त्याला शेलशॉक म्हटलं. काही तासांतच हल्ले सुरू झाले. पहिली दुरुस्ती अपुरी निघाली, त्या आठवड्यात आणखी दोष निघाले, आणखी दुरुस्त्या आल्या.

मामा : गुपचूप का?

मी : कुलपाची चूक आधी मालकाला सांगायची असते. चौकात ओरडलं तर चोर आधी पोचतो.

मामा : बरोबर. भूकंपाचं उलट, ते सगळ्यांना एकदम सांगायचं. पण बघ, पंचवीस वर्षांत त्या वाटेवर अडखळलेली माणसं थोडी असतील का? काहींनी तुझ्यासारखंच केलं असेल. दुसरं साधन घेतलं आणि पुढे गेली.

असं कुणी केलं होतं की नाही ते सांगता येत नाही. पण त्या दुपारी मी ते करणार होते, हे खरं. ऑकचा आकडा घेऊन दोन मिनिटांत उठणार होते, आणि एररच्या तोंडात बोळा तसाच राहणार होता. ऑफिसात माझ्याच हाताखालच्या किती स्क्रिप्टमध्ये तो बोळा आहे, ते मी परत गेल्यावर मोजणार आहे.

तरी आमचं पूर्ण एकमत झालं नाही. मामांचं म्हणणं, ०४५ ला शेलनं गप्प राहू नये, निदान एकदा विचारावं की अष्टमान ना? माझं म्हणणं, ज्या स्क्रिप्टना खरोखर अष्टमान हवं आहे त्यांच्यावर रोज इशाऱ्यांचा पाऊस पडेल आणि लोक तो डेव्ह-नलकडे वळवतील, जसा मी वळवला. शेल स्क्रिप्ट तपासणारं शेलचेक नावाचं साधन आहे. स्क्रिप्टमध्येच शून्याचा आकडा लिहिला तर ते हटकतं. पण आमचे आकडे फाइलमधून येत होते. ते साधन फाइल वाचत नाही, त्याला कळणार कसं?

शेवटी जे दोघांनाही मान्य झालं, तेवढंच लिहिलं. नियम बदला असं त्यात नाही. एरर म्हणते, आकडा आधारापेक्षा, म्हणजे बेसपेक्षा, मोठा आहे. कुठला आधार, ते सांगत नाही. समोरच्या माणसाच्या मनात आधार दहाच असतो, म्हणून त्याला ते वाक्य निरर्थक वाटतं. तिथे ‘आठ’ एवढा एक शब्द घातला, तर ०९८ टाकणाऱ्याला त्याच क्षणी उमगेल, आणि तो आपणहून ०४५ कडेही बघेल. पत्र असं झालं:

वर्णन : शून्यानं सुरू होणाऱ्या आणि आठ किंवा नऊ असलेल्या आकड्यावर येणारी एरर कुठला आधार ते सांगत नाही. वागणूक मॅन्युअलप्रमाणे आहे. विनंती फक्त संदेशाच्या शब्दांबद्दल आहे.

पुन्हा कसं घडवायचं : दुहेरी कंसात ०९८ छापायला सांगा.

दुरुस्ती : संदेशात आधार आठ असल्याचं नमूद करावं.

मामा : ही नोंद झाली. यात एक शब्द जास्त नाही.

मी : आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

मामा : तर नाही म्हणाले असं लिहून ठेवू.

वीज रात्री साडेनऊला आली. पत्र गेलं. दुरुस्त केलेली स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि एकतीसही दिवसांची बेरीज मामांच्या पेन्सिलीशी जुळली. मामांनी जुलैच्या पानाखाली तारीख घालून लिहिलं: ‘यंत्रावर बेरीज करताना आकड्याआधी आधार दहा लिहावा, एरर बंद करू नये.’ एक ऑगस्टला सकाळी आठ वाजता त्यांनी पुन्हा पहिल्या घरात शून्य लिहिलं. त्यांच्या वहीत काहीच चूक नव्हती.

तुमच्याकडे दुधाचा रतीब, पाण्याची पातळी, हजेरी, तारखा, काहीही मोजणारी एखादी शेल स्क्रिप्ट असेल, आणि आकडे शून्यानं सुरू होत असतील, तर तिला आज एकदा ०४५ देऊन बघा. सदतीस आले, तर जुन्या बेरजा काढा आणि पुन्हा मोजा.